अर्ज मुलाचा, तारण घराचे

डिसेंबर उजाडला, की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मूल असलेल्या घरात शिफारसपत्रे आणि टोफेलचे गुण यांखेरीज दुसरा विषय नसतो. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. २००९ नंतर प्रथमच आपण चीनला मागे टाकले. अभिमान वाटावा असाच हा आकडा. पण अर्ज मुलगा भरतो आणि कर्जाला तारण अनेकदा वडिलांचा फ्लॅट असतो, त्याचे काय?

हे कर्ज इथल्या पगारावर फिटणे कठीण. सारी मदार पदवीनंतरच्या तीन वर्षांवर : बारा महिने कामाची परवानगी, तंत्रशाखांना वर आणखी चोवीस. तेवढ्यात एच-वन-बी व्हिसा मिळायला हवा. त्याचा वार्षिक कोटा ८५,००० आणि निवड नशिबाची! त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरील उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसले. म्हणजे एकदा परतलेल्याची पुन्हा जाण्याची वाट अधिकच बिकट.

‘गेट’ देऊन पवईला एम.टेक. करणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. तुटपुंजे खरे, पण घर गहाण पडत नाही. मात्र ही चर्चा डिसेंबरात सुरू होते, आणि गेटच्या अर्जाची मुदत तोवर उलटून गेलेली असते.