भूल देण्याच्या घटकेस रक्ताची शोधाशोध का?

"बाईने गोळ्याच खाल्ल्या नाहीत, त्याला आम्ही काय करावे?" शल्यगृहाच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांना असे उत्तर देऊन मोकळे होण्याची रीतच पडून गेली आहे. रात्रीची वेळ, मूल अडलेले, आईचे हिमोग्लोबिन ६ ग्रॅम आणि रक्तपेढी दूर जिल्ह्याच्या गावी. अशा वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरपुढे जो पेच पडतो, तो त्या रात्रीचा नसतो. तो पाच-सहा महिने आधीच निर्माण झालेला असतो. आमचा आक्षेप नेमका येथे आहे.

गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय मानतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के व महाराष्ट्रातील ४५.७ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. निम्म्या माता बेपर्वा आहेत असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे!

अशा स्त्रीला भूल देणे म्हणजे काय, हे वाचकांनी समजून घेतले पाहिजे. प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच अपुरे असल्यामुळे तिचे हृदय अगोदरच दुप्पट राबत असते. पाठीत सुई देऊन कमरेखालचे अंग बधिर केले की रक्तदाब उतरतो. निरोगी स्त्रीला सलाईन लावून निभावते. हिला ते सढळ हाताने देता येत नाही, कारण पातळ रक्त आणखी पातळ होते व हृदयावर भार पडतो. म्हणून द्रव मोजून द्यायचा आणि रक्तदाब फिनाइलेफ्रिनसारख्या औषधाने सावरायचा. मूल बाहेर येऊन गर्भाशय आवळले की तेथील रक्त एकदम हृदयाकडे परतते. थकलेले हृदय याच क्षणी दगा देऊ शकते. संपूर्ण भूल द्यावी, तर श्वासनलिकेत नळी घालीपर्यंत प्राणवायूची शिल्लक झपाट्याने सरते. शिवाय सिझेरियनमध्ये अर्धा ते एक लिटर रक्त जाते, ते वेगळेच.

रक्ताच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन सुमारे १ ग्रॅम वाढते. तेवढ्याच वाढीस गोळ्यांना महिनाभर लागतो. मग नवव्या महिन्यात गोळ्यांचे पाकीट हाती ठेवणे हा उपचार कसला? ती केवळ नोंदवहीची भर. २०१८ च्या 'अॅनिमियामुक्त भारत' योजनेत १८० दिवस रोज ६० मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, आणि गोळ्या लागू पडत नसतील किंवा दिवस भरत आले असतील तर शिरेतून लोह देण्याची सोयही आहे. परंतु गोळी चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये, शौचास काळे झाल्यास भिऊ नये, हे निंदणीची मजुरी बुडवून तपासणीस आलेल्या बाईला कोणी बसवून सांगितले काय?

विदर्भात आणखी एक गोष्ट आहे. तेथील बौद्ध व आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. अशा मातेच्या रक्तक्षयाचे मूळ लोहाच्या उणिवेत असेलच असे नाही. थंडगार शल्यगृह, उपाशीपोटी सुकलेले शरीर आणि प्राणवायूची थोडीशी तूट, एवढ्याने तिच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून शिरा तुंबतात. भूल देणाऱ्याला हे आधी ठाऊक असेल तर तो तिला ऊबेत ठेवतो, पाणी कमी पडू देत नाही, जुळणारे रक्त तयार ठेवतो. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ साली सुरू झाले. पण तिच्या कार्डावर तो शब्द लिहिलेला नसेल तर शल्यगृहात त्याचा उपयोग काय?

आमचे मागणे मोठे नाही. हिमोग्लोबिनचा आकडा त्या स्त्रीला तोंडी सांगावा, त्याचा अर्थ सांगावा व कार्डावर रक्तगटाशेजारी लिहावा. दर महिन्यास तो पुन्हा पाहावा. आकडा ७ च्या खाली असेल तर रक्ताची व भूलतज्ज्ञाची सोय असलेले रुग्णालय त्याच दिवशी ठरवावे आणि तेथे तिची नोंद करावी. कळा सुरू झाल्यावर, रुग्णवाहिकेत बसवून, नव्हे.