दिवाणखान्यातला एक टन

पूर्वी मध्यमवर्गीय घरात फिश टँक आला म्हणजे दोन गोल्डफिश, प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणि बुडबुडे सोडणारा शिंपला एवढाच संसार असे. आता शोभिवंत माशांच्या दुकानांत ‘स्टिंग रे’ मागणारी गिऱ्हाईके येतात. कोकणात याच्या समुद्रातल्या भाऊबंदांना पाकट किंवा वागळी म्हणतात. त्यांच्या शेपटीचा काटा किती बाधतो, हे कोळ्यांच्या पोरांना शिकवावे लागत नाही. दुकानातला मात्र गोड्या पाण्यातला, दक्षिण अमेरिकेतला. ‘मोटोरो’ तिथल्या अनेक नद्यांत सापडतो; काळ्या थाळीवर पांढरे ठिपके मिरवणारा ‘लिओपोल्डी’ फक्त ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या खोऱ्यात.

प्राणी मोहात पाडणारा आहे, यात शंका नाही. अंग वाळूत पुरून नुसते डोळे बाहेर ठेवतो आणि डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी आत घेऊन श्वास घेतो. अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देतो. माणसाळला की हातातून खातो. काचेला चिकटला म्हणजे पोटाकडून हसरा चेहरा दिसतो आणि मुले टाळ्या पिटतात. (ते डोळे म्हणजे नाकपुड्या. हसणे आपल्या मनातले.)

अडचण हिशेबाची आहे. बँकेत कर्ज मागायला येणारा यंत्राची किंमत तोंडपाठ सांगे. ते चालवायला खेळते भांडवल किती लागेल, असे विचारले की गप्प होई. इथेही तसेच. पिल्लू तळहाताएवढे असते, पण मोटोरोची थाळी दीड फुटापर्यंत वाढते, शेपटी वेगळी. त्याला नुसते वळायला तीन फूट रुंदी हवी. सहा बाय तीन बाय दोन फुटांची टाकी घेतली, आणि जाणकार तीही लहानच मानतील, तरी तिच्यात हजार लिटर पाणी मावते. म्हणजे एक टन, अवघ्या अठरा चौरस फुटांवर. राहत्या खोल्यांच्या जमिनी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात. या टाकीखाली तो ६०० किलोंच्या वर जातो, काच आणि वाळू सोडून. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने मासेवाल्याच्या आधी स्थापत्य अभियंत्याला विचारावे.

मग पाणी. हा प्राणी खादाड. जितके खातो तितका अमोनिया पाण्यात सोडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नायट्रेट साचू नये म्हणून पाणी बदलावेच लागते. आठवड्याला एक तृतीयांश म्हटले तरी सव्वातीनशे लिटर, तेही क्लोरीन काढलेले. ज्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरची वर्गणी काढतात, तिथे हे पाणी कुणाच्या वाट्याचे? वीज जाऊन फिल्टर तासन्‌तास बंद पडला तर प्राणी गुदमरतो. आणि नीट सांभाळला तर हा संसार दहा-पंधरा वर्षांचा. तोवर हौस करणारा मुलगा शिकायला परगावी गेलेला असतो.

काट्याचे म्हणाल तर २००६ साली ऑस्ट्रेलियात स्टीव्ह आयर्विन यांच्या छातीत स्टिंग रेचा काटा घुसला आणि ते दगावले. तो समुद्रातला होता, प्रसंगही दुर्मिळ. घरात भीती हाताची: जाळीने पकडताना, टाकी पुसताना. काटा करवतीसारखा दातेरी आणि विषारी असतो. गळला की नवा येतो, त्यामुळे कापून टाकण्यात अर्थ नाही. यावर प्रतिविष मिळत नाही. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि रुग्णालय गाठायचे. आपल्या घरांत टाकीत हात घालतो तो बहुधा हौस करणारा नसतोच. आई असते, नाहीतर कामाची बाई. तिला कुणी काही सांगितलेले नसते.

पिल्ले संवर्धन केंद्रांतली असतात, नदी लुटली जात नाही, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. तो निम्मा खरा आहे. पैदास होते, पण ती ठिपक्यांच्या नक्षीसाठी. संकर करून निघालेली ही पिल्ले शिंगूला परत जाणार नाहीत. ‘सायटिस’ कराराच्या २०२२ च्या पनामा बैठकीत लिओपोल्डीसह गोड्या पाण्यातल्या सात प्रजातींचा व्यापार परवान्याच्या कक्षेत आणला गेला. आपल्याकडेही वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ च्या नियमांनुसार सूचीतल्या विदेशी प्राण्यांची नोंद ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करावी लागते. आपला मासा सूचीत आहे का, हे घेण्याआधी पाहावे. दुकानदाराच्या ‘काही होत नाही हो’वर विसंबू नये.

माझे मत फ्लॅटमध्ये हा प्राणी नको, असेच आहे. ज्यांच्याकडे तो आधीच आहे, त्यांनी नकोसा झाला म्हणून तळ्यात सोडू नये. सिंगापूरच्या अप्पर सेलेटर जलाशयात मोटोरोंनी असाच संसार थाटला आहे. श्रीनगरच्या दल सरोवरात २०२३ मध्ये अमेरिकेतला ॲलिगेटर गार सापडला. एवढे ऐकूनही कुणाला घ्यायचाच असेल, तर दीड फुटांचा झाल्यावर परत घेणार का, हे दुकानदाराला आजच विचारावे आणि उत्तर कागदावर, सहीशिक्क्यानिशी घ्यावे.