भरावी लागणारी वेळ

मराठी दूरचित्रवाणी वेळेच्या बांधिलकीवर उभी आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा प्रक्षेपण रोज मोजकेच तास चाले आणि तेवढ्यात मराठीला इतर भाषांबरोबर वाटा मिळे. ‘चिमणराव’सारख्या मालिकेसाठी प्रेक्षक आठवडाभर थांबत. १९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी आली, तेव्हा सगळे चोवीस तास मराठीच्या वाट्याला आले. ते रिकामे ठेवता येत नव्हते. आठवड्याची मालिका रोजची झाली ती या सक्तीतून. ई टीव्हीवरची ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले.

या सक्तीने एक अख्खा व्यवसाय उभा केला. संध्याकाळी सात ते साडेदहा या वेळेत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सात मालिका बसतात. तासाला जाहिराती आणि वाहिनीचे स्वतःचे प्रोमो मिळून बारा मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे प्रत्येक भागाला वीसहून अधिक मिनिटांचा मजकूर लागतो, आणि तो जवळजवळ रोज. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी कामाची विभागणी त्यातूनच आली. हाताशी चार-सहा भागांची ‘बँक’ असली तर युनिट सुखात असतं. ती संपली की आज चित्रित झालेला भाग उद्या दाखवावा लागतो आणि संवादाची पानं सेटवर पोचतात तेव्हा कलाकार मेकअपला बसलेले असतात. चित्रीकरण मुंबईबाहेरही गेलं: ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात, ‘लागिरं झालं जी’ सातारा जिल्ह्यात आणि ‘रात्रीस खेळ चाले’ सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झाली. एरवी मुंबई गाठावी लागली असती अशा अनेक स्थानिक कलाकारांना त्यामुळे पडद्यावर काम मिळालं. घाटावरची आणि कोकणातली बोली रोज घरोघरी ऐकू येऊ लागली ही त्याहून मोठी कमाई.

मालिका रेंगाळतात ही तक्रार खरी आहे, पण तिचं कारण लेखकाच्या आळसात नाही. संध्याकाळची मालिका बरीचशी कानांनी पाहिली जाते. कुणी भाकरी थापत असतं, कुणी मुलाचा अभ्यास घेत असतं. म्हणून महत्त्वाची गोष्ट तीन पात्रांच्या तोंडून तीनदा सांगितली जाते आणि धक्क्याच्या क्षणी संगीत चढतं. दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे हे दुसरं कारण. २०१५ पासून बार्क ही संस्था ते देते. देशभरातल्या पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांत बसवलेल्या मीटरवरून कोट्यवधी घरांची आवड ठरते. गुरुवारी आकडा घसरला की पुढच्या आठवड्याचा ट्रॅक बदलतो: लग्न लांबतं, मेलेलं पात्र परत येतं, रविवारी महाएपिसोड लागतो. पद्धत ढोबळ आहे आणि तिने मालिकांचं नुकसानही केलं आहे. तरी तिचा एक गुण नाकारता येत नाही. तिच्यात मराठी बाजार वेगळा मोजला जातो, आणि मराठी निर्मात्याला तो आकडा जाहिरातदारापुढे ठेवता येतो.

ऑनलाइन पडद्यावर नेमकी ही वेगळी मोजणी नाही. २०१५ मध्ये हॉटस्टार आणि २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने मोबाइल डेटा स्वस्त केला आणि पाहण्याची सवय पालटली. दहा सेकंद पुढे, दीडपट वेगाने, लोकलमध्ये उभ्याने, मध्यरात्री एकट्याने. प्रेक्षकाला वेळेचं बंधन उरलं नाही. ‘फिक्की-ईवाय’च्या अहवालानुसार २०२४ मध्ये डिजिटल माध्यमांची उलाढाल दूरचित्रवाणीच्या पुढे गेली. प्रेक्षकाच्या दृष्टीने हे स्वातंत्र्य अस्सल आहे. अडचण अशी की वेळेचं बंधन गेलं, तशी ती वेळ मराठीने भरण्याची सक्तीही गेली. संध्याकाळचे साडेसात वाजले म्हणून कोणत्याही ॲपवर मराठी कार्यक्रम असलाच पाहिजे असं नाही.

शिवाय मराठी माणसाला हिंदी कळते. चेन्नई किंवा कोचीतला ग्राहक हवा असेल तर तमिळ किंवा मल्याळममध्ये काही बनवण्यावाचून अखिल भारतीय कंपनीला गत्यंतर नसतं. पुण्या-नाशिकचा ग्राहक मात्र हिंदी मालिकेसाठीच वर्गणी भरून मोकळा होतो आणि हिंदीच्या खात्यात मोजला जातो. बंगालीत २०१७ पासून ‘होईचोई’ आणि तेलुगूत २०२० पासून ‘आहा’ अशी स्वभाषेची दुकानं उभी राहिली. मराठीत ‘प्लॅनेट मराठी’ २०२१ मध्ये आलं आणि ‘रानबाजार’सारखी मालिका त्याने दिली, पण मोठ्या कंपन्यांच्या यादीत मूळ मराठी निर्मिती आजही तुरळकच दिसते. २०१९ मधली ‘आणि काय हवं’, २०२० मधली ‘समांतर’, २०२४ मधली ‘मानवत मर्डर्स’ या मालिकांनी दाखवून दिलं की लेखक, नट, तंत्रज्ञ यांत काही कमी नाही. कमी आहे ती मागणीच्या सातत्याची. नवरा-बायकोच्या रोजच्या संसारावर, खलनायकाशिवाय, छोट्या छोट्या भागांची गोष्ट रचायला ‘आणि काय हवं’ला जे धाडस करता आलं, ते टीआरपीच्या गुरुवारपुढे टिकलं नसतं. म्हणूनच ऑनलाइन मराठी वाढायला हवी.

आज ॲपवर मराठीत जे पाहिलं जातं त्यात मोठा वाटा वाहिन्यांच्याच मालिकांचा आहे. झी५ वर पैसे भरणाऱ्याला पुढचा भाग टीव्हीच्या आधी मिळतो. दुबई किंवा न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब तोच भाग आपल्या सवडीने पाहतं. दोन पडद्यांतली ही लढत मराठीपुरती तरी समोरासमोरची नाही, कारण ऑनलाइन खिडकीत मांडलेला माल टीव्हीच्या जाहिरातींच्या पैशावर तयार होतो. त्या जाहिराती यूट्यूब आणि मोबाइलकडे सरकत राहिल्या आणि ॲपकंपन्यांनी मूळ मराठी निर्मितीत पैसा घातला नाही, तर टीव्हीवरच्या मालिकेबरोबर ॲपवरची मालिकाही आटेल. ‘भाडिपा’ या यूट्यूब चॅनेलने २०१६ पासून शहरी तरुणांची बोली आणि विनोद पडद्यावर आणला, पण तिथल्या जाहिरातींच्या वाट्यावर वर्षाला दोन-तीनशे भागांची मालिका आणि शे-दीडशे माणसांचं युनिट पोसणं अवघड आहे.

उपाय मोजणीपासून सुरू होतो. नेटफ्लिक्स डिसेंबर २०२३ पासून ठरावीक काळाने कोणता कार्यक्रम किती तास पाहिला गेला याची यादी जाहीर करतं, पण ती जगभराची बेरीज असते. महाराष्ट्रात मराठी किती पाहिली गेली हे तिच्यातून कळत नाही. सर्वच कंपन्यांनी राज्यवार आणि भाषावार आकडे जाहीर केले पाहिजेत, आणि ते त्रयस्थ संस्थेने तपासलेले हवेत. मराठी निर्मात्यांच्या संघटनांनी आणि राज्य सरकारने ही मागणी एकत्र लावून धरायला हवी. तोवर प्रेक्षकाच्या हाती एक साधी गोष्ट आहे: ॲपमध्ये मराठी शीर्षक शोधून ते मूळ मराठी आवाजातच पाहणं, कारण त्याने कोणता आवाज निवडला याची नोंद कंपनीच्या यंत्रणेला ठेवता येते.