मसुदा फुकट, सही मोलाची

मृत्युपत्राचा मसुदा फुकट करून देणाऱ्या ऑनलाइन सेवा आता मोबाईल असलेल्या कोणालाही उपलब्ध आहेत. नाव, वय, पत्ता, वारसांची नावे आणि मालमत्तेचा तपशील भरला, की छापण्याजोगा कागद हाती येतो. वकिलाची फी नाही, तहसीलसमोर अर्जनवीसाकडे ताटकळणे नाही आणि घरातल्या गोष्टी परक्यासमोर उघड करण्याचा संकोचही नाही. मुले पुण्या-हैदराबादेत किंवा परदेशात आणि आईवडील अमरावती-अकोल्यात, अशी स्थिती असलेल्या वऱ्हाडी कुटुंबांना ही सोय जवळची वाटणे साहजिक आहे. मात्र अशा सेवेतून मिळतो तो मसुदा. त्याचे मृत्युपत्र होण्यासाठी कायद्याने सांगितलेली कृती मोबाईलच्या पडद्याबाहेरच करावी लागते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने इलेक्ट्रॉनिक दस्त आणि डिजिटल सही यांना मान्यता दिली. पण त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मृत्युपत्राला या मान्यतेतून वगळले आहे. २०२२ मध्ये या अनुसूचीत दुरुस्ती झाली, तेव्हाही मृत्युपत्राचा अपवाद कायम राहिला. त्यामुळे आधारवर आधारलेली ई-सही, ओटीपी किंवा ‘मान्य आहे’ या बटणावरचा स्पर्श यांतून भारतात मृत्युपत्र होत नाही. अमेरिकेतील काही राज्यांनी इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्राला मान्यता दिली आहे, तर इंग्लंडने कोविडकाळात व्हिडिओवरून साक्ष देण्याची तात्पुरती मुभा दिली होती. परदेशी नमुन्यावर बेतलेल्या सेवेत तिथल्या सवलती गृहीत धरलेल्या असतील, तर इथे त्यांचा उपयोग नाही.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ याचे कलम ६३ या बाबतीत नेमके आहे. करणाऱ्याने कागदावर सही किंवा अंगठा करायचा. किमान दोन साक्षीदारांनी ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा ‘ही सही माझी’ अशी कबुली खुद्द त्याच्याकडून ऐकलेली असावी. आणि प्रत्येकाने त्याच्या उपस्थितीत आपली सही केलेली असावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही. स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो, भाषा कोणतीही चालते. करणारा सज्ञान आणि मनाने सावध असावा लागतो. मृत्यूपर्यंत तो हे पत्र कितीही वेळा बदलू शकतो किंवा रद्द करू शकतो. बक्षीसपत्राने मालमत्ता तत्काळ हातची जाते, मृत्युपत्राने जात नाही. म्हातारपणी डोक्यावरचे छप्पर सांभाळायचे असेल, तर हा फरक मोठा आहे.

साक्षीदाराचे काम सहीपुरते नसते. वाद झाला तर मृत्युपत्र सिद्ध करण्यासाठी, साक्षीदार हयात व उपलब्ध असल्यास, किमान एकाला न्यायालयात यावे लागते. जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम या महाराष्ट्रातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आलेल्या एका साक्षीदाराला दोघांच्याही सह्या कायद्याप्रमाणे झाल्याचे सांगता आले पाहिजे. म्हणून साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, गावातच राहणारे आणि मृत्युपत्रातून काहीही न मिळणारे असावेत. मसुदा छापून शेजाऱ्याकडे नुसत्या सहीसाठी पाठवून दिला, तर तो कागद न्यायालयात टिकत नाही.

ऑनलाइन अर्ज कोण भरतो, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. ऐंशीच्या घरातले वडील सहसा मोबाईलवर पानभर तपशील भरत नाहीत. भरतो तो मुलगा, जावई किंवा नातू. ज्याला लाभ होणार त्यानेच मृत्युपत्र तयार करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये एच. वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात मांडले. घरचा मुलगा मदत करतो यात गैर काही नाही. पण मसुदा वडिलांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवला, त्यांनी तो समजून सही केली आणि त्या दिवशी ते शुद्धीवर होते, याचा पुरावा ठेवावा लागतो. डॉक्टरांचा दाखला आणि सहीच्या वेळचे चित्रीकरण यांचा इथे आधार होतो, पण साक्षीदारांची जागा ते घेऊ शकत नाहीत.

वऱ्हाडात तयार नमुने सर्वाधिक अडतात ते जमिनीच्या वर्णनाशी. ‘माझे गावचे शेत’ एवढ्याने भागत नाही. मौजा, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र आणि भोगवटादार वर्ग सातबाऱ्यावरून उतरवून घ्यावा लागतो. अमरावती, अकोला शहरांतील अनेक घरे नझूल जमिनीवर आहेत; तिथे शीट क्रमांक, प्लॉट क्रमांक आणि भाडेपट्ट्याच्या अटी पाहाव्या लागतात. वर्ग दोनच्या जमिनीला हस्तांतरणाच्या अटी असतात. मेळघाटातील आदिवासींच्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ यांचे संरक्षण आहे. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने देता येत नाही, असा निकाल गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. विदर्भासाठी असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्यातही असे निर्बंध आहेत. परगावच्या सेवेचा नमुना यांतले काही विचारत नाही.

दुसरी अडचण वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित या भेदाची. स्वतःच्या कमाईची मालमत्ता हिंदू व्यक्ती हवी त्याला देऊ शकते. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मात्र तिला फक्त आपल्या हिश्शापुरतेच मृत्युपत्र करता येते. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहहिस्सेदार झाली आणि वडील त्या वेळी हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयात विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट झाले. तरीही ‘सर्व वावर मुलाला’ असे लिहून लेकीला वगळण्याची आणि नंतर तिच्याकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत सुटलेली नाही. वडिलांच्या मालकीचा नसलेला हिस्सा कोणत्याही मृत्युपत्राने मुलाकडे जात नाही.

धर्मागणिक कायदाही बदलतो. मुस्लिम व्यक्तीला कफन-दफनाचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते. त्याहून अधिकासाठी वारसांची संमती लागते. बाळापूर, अचलपूरसारख्या गावांत हा तपशील हजारो घरांना लागू आहे. बौद्ध आणि जैन कुटुंबांना हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो. ज्या सेवेच्या अर्जात याविषयीचा प्रश्नच नाही, तिच्या मसुद्यावर विसंबू नये.

मृत्युपत्राची सर्वाधिक गरज असलेला आणि ते सर्वांत कमी करणारा वर्ग स्त्रियांचा आहे. निपुत्रिक विधवा मृत्युपत्र न करता वारली, तर तिची स्वतःची कमाईसुद्धा हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार आधी पतीच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यानंतर येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीच्या संदर्भात स्त्रियांना मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले. शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका यांच्या हाती स्वतःचा पैसा आहे. त्याचे पुढे काय व्हावे, हे ठरवण्याचा अधिकारही त्यांनी वापरला पाहिजे.

बँकेत नॉमिनी नेमला म्हणजे काम झाले, हा समज तर घरोघरी आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही नेमले होते. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर नॉमिनी मालक होतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालाने उत्तर दिले, की नॉमिनी ताबा घेतो, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. म्हणून ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड यांचा उल्लेख मृत्युपत्रात असावा आणि नॉमिनीचे नाव शक्यतो त्याच्याशी जुळावे.

मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, पण करणे शहाणपणाचे. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी नाममात्र आहे आणि आजारी व्यक्तीच्या घरी येऊन नोंदणी करण्याची तरतूदही कायद्यात आहे. करणारा हयात असेपर्यंत नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल त्याच्याशिवाय किंवा त्याच्या मुखत्याराशिवाय कोणाला मिळत नाही, त्यामुळे गुप्ततेची भीती निराधार आहे. बंद लिफाफ्यात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवताही येते. वऱ्हाडातील हिंदू-बौद्धांच्या मृत्युपत्रांना मुंबई शहरासारखी प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयातून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती कधी नव्हती. मृत्यूनंतर वारस थेट फेरफारासाठी अर्ज करतात. पण कोणी हरकत घेतली, तर मृत्युपत्राचे खरेखोटेपण शेवटी दिवाणी न्यायालयातच ठरते आणि तिथे नोंदणीचा आधार होतो.

फुकट सेवेचा खर्च कोण उचलतो, हेही पाहायला हवे. अमेरिकेत अशा काही सेवा धर्मादाय संस्थांच्या पैशांवर चालतात, कारण मृत्युपत्रातून त्यांना देणग्या मिळतात. इतरत्र मोफत मसुद्यानंतर सशुल्क सल्ला, नोंदणी किंवा विमा पुढे केला जातो. व्यवहार म्हणून यात गैर नाही; पण घर, शेती, दागिने, ठेवी आणि वारसांमधले रुसवेफुगवे यांची संपूर्ण यादी कोणाच्या हाती पडते, याचा विचार वापरणाऱ्याने करावा. आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक मसुद्यात ऑनलाइन न भरता छापल्यावर हाताने लिहिले तरी चालते.

मोफत आणि विश्वासार्ह मदत जवळच उपलब्ध आहे. अमरावती आणि अकोला येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता कायदेशीर मदत मिळू शकते. १५१०० हा राष्ट्रीय मदत क्रमांक त्यासाठीच आहे. शासनाने एक पाऊल पुढे जावे. सातबारा, नझूल, वर्ग दोन, बिगरशेती प्लॉट अशा मालमत्तांसाठी मराठीतले प्रमाणित नमुने नोंदणी विभागाने तयार करून प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात आणि सेतू केंद्रात ठेवावेत. तोवर ऑनलाइन सेवेचा उपयोग मालमत्तेची यादी करण्यासाठी आणि पहिल्या खर्ड्यासाठी जरूर करावा. तो खर्डा स्थानिक जाणकाराकडून तपासून, दोन निःस्वार्थ साक्षीदारांसमोर सही करून नोंदवावा, आणि हे हातपाय धड असताना करावे.