मीटर कुणाच्या नावावर?

मुंबईच्या उपनगरात घर बदलले की वीज टाटाची घ्यायची की अदानीची, याची चर्चा रंगते. ग्राहकाला निवड मिळाली म्हणून २००३ च्या वीज कायद्याचे गोडवे गायले जातात. आम्ही विचारतो, निवड मिळाली कुणाला? ज्याच्या नावावर मीटर आहे त्याला! आमच्या वस्त्यांत भाड्याने खोली घेणाऱ्याला घरमालक सब-मीटर दाखवतो आणि युनिटमागे स्वतःचाच दर सांगतो. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो : पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त, ३०० च्या पुढे महाग, ५०० च्या पुढे त्याहून महाग. पाच खोल्या एकाच मीटरवर जोडल्या की एक दिवा नि एक पंखा लावणाऱ्या मजुराच्या माथीही वरच्या टप्प्याचा दर बसतो. म्हणजे बंगलेवाल्याच्या एसीचा दर.

वास्तविक त्याच कायद्याच्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, कुणीही अर्ज केला तरी वीज देणे कंपनीवर बंधनकारक आहे. हे वस्तीत कुणी सांगत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना वीजधोरणही बाबासाहेबांकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, हा त्यांचा आग्रह होता. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे मागितले, दोन भांडवलदारांतून एक निवडण्याची मुभा नव्हे.

तोवर बांधवांनो, भाडेकरारातच स्वतंत्र मीटरची अट घाला. कंपनीने परत पाठवले तर नकार लेखी मागा आणि ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. टाटा की अदानी, ते नंतर बघू.