जुन्या गाडीचा तडा

परभणी जिल्ह्यातील अनेक व्यापारी घरांत एखादी जुनी मोटारसायकल असते. जिंतूर, सेलू, मानवत वा गंगाखेडच्या दुकानातून खेड्यापाड्यांत वसुलीला जाणे, आठवडी बाजाराला मालाचे गठ्ठे नेणे, ही कामे तिने वर्षानुवर्षे केलेली असतात. इंजिन अजून ठणठणीत असते. फुटते ते प्लास्टिक. बाजूचे पॅनेल, पुढचा मडगार्ड, हेडलाइटचा व्हायझर. जुन्या मॉडेलचा सुटा भाग सहजी मिळत नाही, मिळाला तर रंग जुळत नाही. मग तड्यावर फेविक्विकचे दोन थेंब पडतात आणि काही दिवसांत तडा पूर्वीपेक्षा लांब होऊन परत येतो.

चेतक स्कूटरचे अंग पोलादी पत्र्याचे होते. पत्रा चेपत असे आणि कारागीर तो ठोकून सरळ करीत असे. 1994 साली आलेल्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांची बाजूची पॅनेले प्लास्टिकची. ती हलकी असतात, गंजत नाहीत. परंतु फुटली म्हणजे ठोकून जुळत नाहीत.

दुरुस्तीपूर्वी तडा का गेला हे पाहणे इष्ट. पॅनेलच्या आतील खुंट्या चौकटीवरील रबरी बुशांत बसतात. वर्षांनुवर्षांच्या उन्हाने ते रबर दगडासारखे कडक होते आणि इंजिनाचा सारा कंप खुंटीवर येतो. मराठवाड्यातील उन्हाळा प्लास्टिकचाही चिवटपणा कमी करतो. टाकी काठोकाठ भरताना ओघळलेले पेट्रोल काही प्लास्टिकला ठिसूळ करते. पॅनेलला टेकवून बांधलेले गठ्ठे उरलेले काम पुरे करतात. कारण तसेच ठेवून केवळ भेग बुजवणे म्हणजे गळक्या पोत्यात धान्य भरणे होय.

दुसरा प्रश्न प्लास्टिकच्या जातीचा. भागाच्या आतील बाजूस बहुधा एबीएस किंवा पीपी अशी अक्षरे कोरलेली असतात. ती नसल्यास एक सोपी परीक्षा आहे. आतील कडेचा, रंग न लागलेला बारीक तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात सोडावा. पीपी पाण्याहून हलके असल्याने तरंगते, एबीएस बुडते. हा भेद महत्त्वाचा, कारण एकाचा उपाय दुसऱ्यास चालत नाही.

दोन्ही प्रकारांत आरंभ सारखाच. भाग साबणाने धुऊन पूर्ण वाळवावा. तड्याच्या अगदी टोकाशी दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे. तड्याच्या अणकुचीदार टोकावर सारा ताण एकवटतो. छिद्राच्या गोल कडेवर तो वाटला जातो आणि तडा पुढे सरकत नाही. नंतर आतील बाजूने भेगेवर पन्हळीसारखी खाच काढावी, म्हणजे भरावाला धरायला जागा मिळते.

एबीएस असल्यास त्याच जातीचा कीस ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट लापशी करावी व ती पातळ थरांनी भरावी. येथे गोंद नसतो. प्लास्टिक विरघळून प्लास्टिकशी एकजीव होते. ॲसिटोन उडून गेल्यावरच सांधा बळकट होतो, म्हणून निदान एक दिवस त्यास हात लावू नये. ॲसिटोन झटकन पेट घेते. हे काम मोकळ्या हवेत, दिवा, शेगडी व मुले यांपासून दूर करावे.

पीपी ॲसिटोनला दाद देत नाही आणि साधा गोंदही त्यावर टिकत नाही. ते उष्णतेनेच जुळते. स्टीलची बारीक जाळी तड्यावर आतून ठेवून सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने ती दाबून बसवावी आणि वर पीपीचीच पट्टी वितळवावी. धूर श्वासात जाऊ देऊ नये. शेवटी पॉलिश पेपर, प्रायमर व रंग. पीपीला त्यासाठीचा वेगळा प्रायमर लागतो, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. बसवताना रबरी बुश नवे घालावेत आणि स्क्रू मर्यादेबाहेर आवळू नये.

मात्र सांधण्यालाही मर्यादा आहे. पॅनेल सुटले तर गाडी कुरूप दिसेल. पुढचा मडगार्ड बोल्टच्या जागी फुटून चाकात अडकला तर स्वार पडेल. तेथे नवा भागच घ्यावा. हेल्मेटच्या बाबतीत तर शंकेलाही जागा नाही. कमी किमतीच्या अनेक हेल्मेटांचे कवच एबीएसचेच असते, त्यामुळे तीच लापशी तेथेही लावण्याचा मोह होतो. भेग बुजेलही, परंतु आतील थर्मोकोलसारखा थर आघात झेलताना एकदा दबला की पूर्ववत होत नाही. सांधलेले हेल्मेट दिसते अखंड आणि डोके मात्र उघडेच राहते. नवे घेताना आयएस 4151 चा आयएसआय शिक्का पाहावा.

तडकलेले हेल्मेट भंगारात देताना त्याचा पट्टा कापून द्यावा. नाहीतर कोणीतरी ते पुसून, रंगवून पुन्हा आपल्या मुलाच्या डोक्यावर ठेवील.