दिवस मोजायला घरचं माणूस हवं

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे घरोघरी शिकवलं जातं. त्यामुळे घरातल्या कुणाला पोलिसांनी उचललं की मराठी मध्यमवर्गीय घर वकिलाआधी ओळख शोधतं. कुणाचा मेहुणा पोलिसात आहे, कुणाचा साडू मंत्र्याच्या पीएला ओळखतो. भिलाईच्या सेक्टरमधलं घर असेल तर फोन नागपूर-गोंदियापर्यंत जातात. पहिले आठ-दहा दिवस असेच सरतात. त्या दिवसांची किंमत काय असते, हे भिलाईत अनेक वर्षं काम केलेल्या एका वकील बाईंच्या खटल्याने दाखवून दिलं आहे.

सुधा भारद्वाज तरुणपणी छत्तीसगढमध्ये आल्या त्या शंकर गुहा नियोगींच्या कामगार चळवळीत काम करायला. 28 सप्टेंबर 1991 रोजी भिलाईतल्या घरात झोपेत असताना नियोगींचा गोळ्या घालून खून झाला. सुधाताई तिथेच राहिल्या आणि पुढे कामगारांचे खटले लढता यावेत म्हणून वकील झाल्या. 28 ऑगस्ट 2018 रोजी पुणे पोलिसांनी एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना फरिदाबादहून अटक केली. आधी नजरकैद, ऑक्टोबरअखेर येरवडा, मग भायखळा. आरोपांच्या खरेखोटेपणात मी इथे शिरत नाही. माझा विषय आहे तो त्यांच्या जामिनाच्या कागदाचा.

कायदा असा आहे. माणूस कोठडीत असताना पोलिसांनी 60 दिवसांत, गंभीर गुन्ह्यात 90 दिवसांत आरोपपत्र दाखल करायचं. दुर्ग-भिलाईकडे याला चालान म्हणतात. मुदतीत ते आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पुरावा किती भक्कम आहे, हा प्रश्नच तिथे उरत नाही. हाच तो ‘डिफॉल्ट’ जामीन. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली मुदत 180 दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती सक्षम न्यायालयानेच वाढवायची. सुधाताईंच्या प्रकरणात पुण्याच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी 26 नोव्हेंबर 2018 रोजी मुदत वाढवली. त्यांच्या बाजूने डिफॉल्ट जामिनाचा अर्जही त्याच दिवशी गेला. नजरकैदेचा काळ वगळून 25 जानेवारी 2019 ला 90 दिवस भरले; आरोपपत्र आलं 21 फेब्रुवारीला. पुढे माहिती अधिकारात मिळालेल्या कागदांतून दिसलं की मुदत वाढवणारे न्यायाधीश राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या (एनआयए) कायद्याखालचे विशेष न्यायाधीश नव्हतेच. 1 डिसेंबर 2021 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला, पुढे तपास हाती घेतलेल्या एनआयएचं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं आणि 9 डिसेंबरला त्या बाहेर आल्या.

मात्र त्याच निकालात आणखी आठ आरोपी होते. त्यांना जामीन मिळाला नाही. कारण, आरोपपत्र येण्याआधी त्यांनी अशा जामिनाचा अर्ज वेळेत केला नव्हता. या आठांत नागपूरचे सुरेंद्र गडलिंग होते, ज्यांनी स्वतः वर्षानुवर्षं इतरांच्या जामिनासाठी कोर्टात उभं राहून युक्तिवाद केले. वकिलाच्या बाबतीत हे होतं, तर भिलाईच्या स्टील प्लांटमधल्या ठेकेदाराच्या मजुराचं काय होत असेल?

हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. आरोपपत्र आलं की तो मावळतो, असं घटनापीठाने 1994 मध्ये संजय दत्त प्रकरणात सांगितलं. त्याची धार बोथट करणारे निकाल नंतर आले. महाराष्ट्रातल्या उदय आचार्य प्रकरणात 2001 मध्ये ठरलं की वेळेत अर्ज करून जामीन द्यायची तयारी दाखवली, तर हक्क बजावला असंच धरायचं. राकेश पॉल प्रकरणात 2017 मध्ये तोंडी मागणीही पुरेशी मानली गेली. आरोपीला या हक्काची जाणीव न्यायालयाने करून द्यावी, असं 2020 मध्ये रवींद्रन प्रकरणात सांगितलं गेलं. पण ‘द्यावी’ आणि ‘देतात’ यांच्यामध्ये तुरुंगाची भिंत असते. 2022 च्या अखेरीस देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे चारांतले तीन. रिमांडच्या एका दिवशी एका कोर्टासमोर असे कितीतरी जण उभे असतात. प्रत्येकाचा 91 वा दिवस कोण लक्षात ठेवणार?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: घरातल्या एकाने वही घ्यावी आणि दिवस मोजावेत. मोजणी अटकेपासून नाही, दंडाधिकाऱ्याने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून, तो दिवस धरून. कपिल वाधवान प्रकरणात 2023 मध्ये हे पक्कं झालं. वहीत अटकेची वेळ लिहा, कलमं लिहा, अटकेची कारणं लेखी मिळाली का ते लिहा. डी. के. बसू निकालापासून, म्हणजे 1996 पासून, अटकेच्या पंचनाम्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते. त्याची प्रत मागा. कलमं बदलली की मुदत बदलते आणि कधी कोर्टही बदलतं. 2025 च्या जुलैमध्ये दुर्ग स्टेशनवर अटक झालेल्या दोन ननच्या प्रकरणात दुर्गच्या सत्र न्यायालयाने हा अर्ज आपल्या अधिकारात येत नसल्याचं सांगितलं; जामीन मिळाला तो बिलासपूरच्या एनआयए न्यायालयात. चुकीच्या दारात गेलेला दिवसही मोजला जातो, तो आत बसलेल्याच्या खात्यात.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 15100 हा त्यासाठीचा क्रमांक आहे. जामीनदार इथलाच हवा, असं कारकून सांगेल आणि त्याच्या जमिनीची छत्तीसगढी ऋण पुस्तिका मागेल. गोंदियाच्या काकांचा सातबारा चालणार नाही म्हणेल. तेव्हा 1978 चा मोतीराम निकाल सांगा. मध्य प्रदेशातल्या या गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला होता आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याची हमी नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती रक्कम एक हजारावर आणली आणि जिल्ह्याच्या कारणावरून जामीनदार नाकारण्याला साफ नकार दिला.

यावर एक आक्षेप हमखास येतो: तांत्रिक खोटीवर गुन्हेगार सुटतात. सुटत नाहीत. खटला चालूच राहतो, तारखा येतच राहतात, दोष सिद्ध झाला तर शिक्षाही होते. सुधाताईंना मुंबईच्या न्यायालयाची हद्द परवानगीशिवाय सोडता येणार नव्हती. भिलाईचं घर जामिनानंतरही लांबच राहिलं. डिफॉल्ट जामीन आरोपीचं निर्दोषत्व सांगत नाही. तो सरकारला एवढंच सांगतो, की तपास तुमचा, मुदत कायद्याची. आणि ती मुदतही कागदावरच. 2019 च्या जानेवारीत पिकलेला हक्क त्यांच्या हाती पडायला जवळजवळ तीन वर्षं लागली.

एवढं ओझं घरच्यांवर टाकणं न्याय्य नाही, हे मलाही मान्य आहे. ते हलकं करता येईल आणि त्यासाठी नवा कायदाही नको. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश किंवा निम्म्या मुदतीइतका काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्यासाठी अर्ज करायचं काम तुरुंग अधीक्षकावर सोपवलं आहेच. म्हणजे दिवस मोजणं हे तुरुंगाचं काम असू शकतं, हे तत्त्व मान्य झालेलं आहे. तेच कलम 187 मधल्या आरोपपत्राच्या मुदतीला लावा. पहिल्या रिमांडच्या कागदावरच, आरोपीला कळेल अशा भाषेत, 61 वा किंवा 91 वा दिवस कोणत्या तारखेला येतो ते छापा आणि त्याची एक प्रत घरच्यांना द्या. कोर्टांच्या संगणकात पुढची तारीख असतेच. ही एक तारीख त्यात मिळवायला पैसे लागत नाहीत. दुर्गच्या आणि नागपूरच्या वकील संघांनी आपापल्या उच्च न्यायालयांकडे ही मागणी करावी. मागणी मान्य होईपर्यंत ओळखी शोधणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: साहेबांना फोन नंतर करा, आधी कोर्टातून रिमांडच्या आदेशाची नक्कल काढा.